शूमाकर बेनेटनमध्येच राहिला असता तर: १९९६ चा मोसम पुन्हा मांडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॉर्म्युला वनचा १९९६ चा पर्यायी मोसम लिहायचा आहे. मायकल शूमाकर फेरारी संघात जात नाही, बेनेटन संघातच थांबतो. मग बाकीचे ड्रायव्हर कुठे बसवायचे, गुण कसे मोजायचे आणि विजेता कोण? सोबत तुमची यादीही आहे. हॅकिनन फेरारीत, कुल्टहार्ड पुन्हा विल्यम्समध्ये, व्हिलनव्ह जॉर्डनमध्ये, फ्रेंट्झन मॅक्लारेनमध्ये, आणि खाली आणखी नऊ बदल.

असे मोसम मांडायचा नाद मला वीसेक वर्षांपासून आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: ही यादी फाडून टाका. तुम्ही बदलली आहे एक सही आणि हलवलेत तेरा लोक. त्या सहीने खरोखर ओढून नेले तेवढेच लोक परत आणायचे असतात, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी बदल दिसायला फार थोडे असतात. मोठी उलथापालथ एक-दोन मोसम उशिरा येते, आणि ती ड्रायव्हरांच्या जागी नाही, इंजिन आणि डिझायनरांच्या जागी येते.

आधी तुमच्या चार नावांचा निकाल लावू. कुल्टहार्डचं मॅक्लारेनला जाणं शूमाकरमुळे घडलेलंच नाही. १९९४ च्या अखेरीस त्याच्यावर विल्यम्स आणि मॅक्लारेन दोघांनी हक्क सांगितला, प्रकरण ड्रायव्हरांचे करार तपासणाऱ्या मंडळापुढे गेलं आणि १९९५ साठी तो विल्यम्सकडे राहिला. मॅक्लारेनची ओढ तेव्हापासूनची. व्हिलनव्हने १९९५ मध्ये इंडियानापोलिस ५०० जिंकली, त्याच वर्षी अमेरिकेतलं अजिंक्यपदही घेतलं आणि ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला विल्यम्सची चाचणी दिली. म्हणजे विल्यम्सच्या दोन्ही गाड्यांची दारं बंद: डेमन हिल आणि व्हिलनव्ह. हॅकिननला १९९५ च्या शेवटच्या शर्यतीआधी अॅडलेडला जीवघेणा अपघात झाला होता. त्या हिवाळ्यात दुसरा संघ त्याच्या दारात रांग लावून उभा होता, असं लिहिलंत तर जाणकार वाचक हसेल. फ्रेंट्झन सॉबरमध्ये होता आणि तिथून त्याला हलवायला कारणच नाही.

आता ती सही काय काय ओढते ते बघा. खऱ्या इतिहासात शूमाकर फेरारीत गेला म्हणून अलेसी आणि बर्गर ही जोडी तिथून उठली आणि थेट बेनेटनमध्ये बसली. फेरारीच्या दुसऱ्या गाडीसाठी जॉर्डनमधून अर्व्हाइनला आणलं. जॉर्डनची ती जागा ब्रंडलला मिळाली. बेनेटनमधून हर्बर्ट सुटला आणि सॉबरला गेला. साखळी इथेच संपते. ती उलटी फिरवा: अलेसी आणि बर्गर फेरारीतच, अर्व्हाइन जॉर्डनमध्ये बॅरिकेलोबरोबर. उरले दोन, हर्बर्ट आणि ब्रंडल. इथे मात्र लेखकाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

शूमाकरच्या शेजारी हर्बर्ट सुखी नव्हता हे जगजाहीर आहे. पण १९९५ मध्ये त्याने सिल्व्हरस्टोन आणि मोंझा जिंकलं, ४५ गुण आणले, आणि बेनेटनच्या संघ-विजेतेपदाला ते लागलेच होते. मी त्याला कुरकुरत का होईना, तिथेच ठेवतो. मग सॉबरची जागा रिकामी. ब्रंडल १९९५ मध्ये लिजिएत होता, तोही अर्धामुर्धा, कारण त्या गाडीत काही शर्यतींना जपानी ड्रायव्हर सुझुकी बसायचा. मुगेन-होंडा इंजिनाचा तो हिशोब होता. १९९६ ला ती जागा डिनिझ पैसे घेऊन येऊन व्यापतो. तेव्हा ब्रंडलला मी सॉबरमध्ये बसवतो. सहा माणसं, चार संघ, बस्स. टिरेल, फुटवर्क, मिनार्डी, फोर्टी, लिजिए, मॅक्लारेन, विल्यम्स यांची पानं जशीच्या तशी.

(एक सावधगिरी. बसवून झाल्यावर प्रत्येक गाडीपुढे दोन नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच गाडी आहे ना, हे बोट ठेवून तपासा. माझ्या पहिल्या मोसमात एकच माणूस दोन संघांतून धावत होता आणि सहाव्या शर्यतीपर्यंत मला पत्ता नव्हता.)

काय बदलायचं नाही, तेही आधी ठरवून टाका. १९९६ चे नियम तसेच राहतील. पात्रता फेरी शनिवारी एकच तासाची, पोलच्या, म्हणजे पात्रतेतल्या सर्वांत वेगवान, वेळेच्या १०७ टक्क्यांत न बसणारा घरी, चालकाच्या डोक्याभोवती उंच संरक्षक कडा, शर्यतीत इंधन भरणं चालू. गुण पहिल्या सहांना १०-६-४-३-२-१. हवामानही तसंच ठेवा. बार्सिलोनाला पडलेला पाऊस कुणाच्या करारावर अवलंबून नव्हता. बदलतात ते गाड्यांमधले अपघात, कारण तिथे कोण कुणाच्या शेजारी होता हेच बदललेलं असतं.

आता गुण. नवखे लोक इथे एकच चूक करतात: शूमाकरचे ५९ गुण उचलून बेनेटनच्या रकान्यात टाकतात आणि अलेसीचे ४७ फेरारीच्या. नावं बदलली, गाड्या तिथेच राहिल्या. मी प्रत्येक निकाल दोन ढिगांत टाकतो. बिघाड गाडीचा असेल तर तो गाडीबरोबर राहतो. चूक माणसाची असेल तर ती माणसाबरोबर जाते. फ्रान्सला पोलवर असलेल्या शूमाकरच्या फेरारीचं इंजिन शर्यत सुरू व्हायच्या आधीच्या फेरीत फुटलं. ते फेरारीचं पाप, त्याला बेनेटनमध्ये लागू नाही. मोनॅकोला पोलवरून निघून पहिल्याच फेरीत त्याने गाडी कठड्यावर घातली, ते त्याचं स्वतःचं. आणि त्याच मोनॅकोत हिलचं इंजिन गेल्यावर अलेसी बेनेटनमधून आघाडीवर होता, तेव्हा त्याचं सस्पेन्शन तुटलं. म्हणजे कुठल्याही वाटेने जा, मोनॅकोत शूमाकरला शून्यच. पानिसचा लिजिएतला तो अद्भुत विजय शाबूत राहतो, आणि मला त्याचा आनंद आहे.

अलेसीची गाडी पायाला धरू. १९९६ मध्ये त्याने त्या बेनेटन-रेनोमधून आठ वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवलं. आधी एवढंच करा: फेरारीतला शूमाकर निकालांमधून नुसता पुसून टाका, बाकी काही नको. स्पेन आणि इटलीत शूमाकर पहिला आणि अलेसी दुसरा होता, तिथे ६ चे १० झाले. बेल्जियम आणि पोर्तुगालला अलेसी चौथा होता तो तिसरा झाला. इमोलाला सहावा होता तो पाचवा. बेरीज करा: ४७ चे ५८. शूमाकरने फेरारीतून जेवढं कमावलं त्याहून फक्त एक कमी, आणि तेही अलेसीच्या हातून, अलेसीच्या सगळ्या चुकांसकट! हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा दोनदा तपासला होता. त्या वर्षी बेनेटनने एकही शर्यत जिंकली नाही म्हणून गाडी टाकाऊ होती, असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही. ती शूमाकरच्या सवयीला साजेशी घडत गेलेली, मागून निसटणारी गाडी होती, आणि ती पेलताना नव्या जोडीच्या नाकी नऊ आले.

आता त्या खुर्चीत शूमाकरला बसवा. अलेसी मेलबर्नला अर्व्हाइनला ओलांडायला जाऊन बाद झाला, न्यूरबर्गरिंगला पहिल्या फेरीत सालोशी भिडला आणि सुझुकाला सुरुवातीलाच गाडी आदळली. या तिन्ही माणसाच्या चुका, त्या अलेसीबरोबर फेरारीत जातात. मेलबर्नला मी शूमाकरला तिसरा धरतो, त्याहून जास्त मागायला आधार नाही. न्यूरबर्गरिंग आणि इमोलाला तो फेरारीतूनही दुसराच होता, तेच ठेवतो. सिल्व्हरस्टोनला अलेसीला गाडीने दगा दिला, म्हणून तिथे शून्य. अर्जेंटिना, कॅनडा, फ्रान्स, हंगेरी इथे अलेसी दोन विल्यम्सच्या मागे तिसरा होता, तिथेही हात लावत नाही. लोभ आवरायला शिकणं हीच या उद्योगातली निम्मी मेहनत.

स्पेन त्याचंच. पावसात तो त्या दिवशी हातगाडी घेऊनही जिंकला असता. बेल्जियम आणि इटली तो फेरारीतून जिंकला, तर बेनेटनमधून जिंकू शकतो असं मी मानतो. जर्मनीतलं हॉकेनहाइमही मी त्याला देतो, कारण तिथे बर्गर बेनेटनमधूनच आघाडीवर होता आणि तीन फेऱ्या उरल्या असताना त्याचं इंजिन फुटलं. तुम्ही विचाराल, मग बिघाड गाडीबरोबर राहतो हा नियम कुठे गेला? नियम आहे, पण गाड्या दोन होत्या आणि फुटलेलं इंजिन एक. ते मी हर्बर्टच्या गाडीला लावतो. बिचाऱ्या हर्बर्टची क्षमा मागून.

राहिलं ब्राझील. इंटरलागोसला पाऊस होता, हिल जिंकला आणि दुसरा अलेसी. ओल्या ट्रॅकवर शूमाकर त्याच गाडीत असता तर? मी त्याला पहिला धरतो, पण हे धरताना माझा हात थरथरतो, आणि तो का ते पुढे कळेल.

सुझुकाआधीचा तक्ता मांडा. शूमाकर: मेलबर्न ४, ब्राझील १०, अर्जेंटिना ४, न्यूरबर्गरिंग ६, इमोला ६, स्पेन १०, कॅनडा ४, फ्रान्स ४, जर्मनी १०, हंगेरी ४, बेल्जियम १०, इटली १०, पोर्तुगाल ४. एकूण ८६. हिल: खऱ्या मोसमात सुझुकाआधी ८७ होते. ब्राझील आणि जर्मनीत पहिल्याचा दुसरा झाला म्हणून ८ गेले, बेल्जियमला पाचव्याचा चौथा झाला म्हणून १ आला, ८०. व्हिलनव्ह: खरे ७८. स्पेनला तिसऱ्याचा दुसरा, म्हणून ८०. म्हणजे शेवटच्या शर्यतीला ८६, ८० आणि ८०. असं कागदावर उतरलं की झोप उडते.

सुझुकाला खरा निकाल असा: व्हिलनव्हचं चाक निखळलं, हिल जिंकला, शूमाकर फेरारीतून दुसरा, हॅकिनन तिसरा. तोच लावा. हिल ९०, शूमाकर ९२. शूमाकरचं सलग तिसरं विजेतेपद, दोन गुणांनी.

पण आता तो थरथरणारा हात आठवा. सुझुकाला शूमाकर दुसऱ्याऐवजी तिसरा आला असता तर दोघेही ९० वर, आणि बरोबरीत विजय मोजले जातात: हिलचे सहा, शूमाकरचे पाच. विजेता हिल. आणि ब्राझील हिलकडेच राहू दिलंत तर हिल ९४, शूमाकर ८८, विषयच संपला. सगळा मोसम इंटरलागोसच्या त्या एका ओल्या दुपारवर टांगलेला आहे. तुमच्या गोष्टीत तीच शर्यत सगळ्यात सविस्तर लिहा, सुझुका नाही. वाचकाला दुसऱ्या शर्यतीत कळू नये आणि सोळाव्या शर्यतीत आठवावं, अशा बेताने. मी मनाने हिलवाला आहे, माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ब्राझील त्यालाच देऊन टाकलं होतं. कागद मात्र ९२-९० म्हणतो.

तुम्ही विचारलं आहे की हीच पद्धत १९८८ ला वापरू का. वापरा, पण तेव्हा सगळे निकाल धरले जात नव्हते, सर्वोत्तम ११ च मोजले जायचे. प्रोस्टचे एकूण १०५ आणि सेनाचे ९४, तरी मोजलेले गुण ८७ विरुद्ध ९० आणि अजिंक्यपद सेनाचं. १९९० पर्यंतच्या कुठल्याही मोसमात निकाल बदललात की टाकून द्यायचे निकालही बदलतात. तिथे भल्याभल्यांचे तक्ते कोसळलेत. १९९१ पासून ही कटकट नाही.

संघांच्या तक्त्यात फार वेळ घालवू नका. विल्यम्सने खऱ्या मोसमात सोळांपैकी बारा शर्यती जिंकून १७५ गुण केले, दुसऱ्या क्रमांकाची फेरारी ७० वर होती. चार-दोन विजय इकडे तिकडे झाले तरी तो मुकुट हलत नाही.

खरी गंमत १९९७ नंतर आहे, आणि तुमच्या आराखड्यात तिला एकही ओळ नाही. फेरारीने शूमाकर घेतला, त्याच्या मागोमाग १९९६ च्या अखेरीस बेनेटनचा तंत्रप्रमुख रॉस ब्रॉन आणि मग डिझायनर रोरी बर्न तिथे गेले. बर्न तर गाड्यांचं काम सोडून थायलंडला स्कुबा डायव्हिंगचा धंदा करायच्या बेतात होता. शूमाकर बेनेटनमध्ये असेल तर हे दोघे फेरारीच्या मारानेल्लोला कशाला जातील? फेरारीचं डिझाइन जॉन बर्नार्डच्याच हाती राहतं, इंग्लंडमधल्या त्याच्या कचेरीतून. १९९३ पासून संघ बांधत बसलेल्या फेरारीच्या संघप्रमुख झां टॉडच्या खुर्चीखाली जाळ लागतो. अलेसी आणि बर्गर दोघे मिळून वर्षाला एखादी शर्यत जिंकतील, इटालियन वर्तमानपत्रं रोज नवा बळी मागतील. इथे तुम्हाला हवी तेवढी नाट्यमयता आहे, आणि ती उसनी नाही.

दुसरीकडे बेनेटन. त्यांची ताकद कुठून आली होती? रेनो इंजिनातून. बेनेटनचा प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरेने लिजिए संघ हाती घेतला आणि त्यांचं रेनो इंजिन १९९५ साठी बेनेटनकडे वळवलं. लिजिएला मुगेन-होंडावर भागवावं लागलं. त्या काळातल्या अर्ध्याअधिक ड्रायव्हर-बदलांची किल्ली अशी इंजिनाच्या करारात आहे. आणि जून १९९६ मध्ये रेनोने जाहीर केलं की १९९७ अखेर आपण बाहेर पडणार. ही घोषणा शूमाकर कुठे बसलाय याने बदलत नाही. रेनो आधीच सगळं जिंकून बसली होती. म्हणजे तुमचा तीनदा विजेता झालेला शूमाकर ९६ च्या उन्हाळ्यातच हिशोब करतो की अठरा महिन्यांनी आपल्या मागे जुनं, नाव बदललेलं इंजिन असणार.

मग तो कुठे जाईल? फेरारी रिकामी नाही आणि तिथे ब्रॉन-बर्न नाहीत. विल्यम्सचंही इंजिन रेनोच. पण मॅक्लारेनकडे मर्सिडीज आहे, आणि शूमाकर मर्सिडीजच्या स्पोर्ट्स-कार संघात तयार झालेला, फ्रेंट्झन आणि वेंडलिंगरच्या बरोबरीने. डिझायनर एड्रियन न्यूई विल्यम्स सोडून १९९७ मध्ये तिथेच पोचतो, त्याच्या जाण्याचं शूमाकरशी काही देणंघेणं नव्हतं. १९९८ ची मॅक्लारेन आणि तिच्यात शूमाकर, ही कल्पना मला या सगळ्या मांडणीतली सगळ्यात पटणारी वाटते. हॅकिनन की कुल्टहार्ड, कुणाला उठवायचं, तो निर्णय तुमचा. माझ्या वहीत कुल्टहार्ड उठतो आणि फेरारीत जातो, पण त्याची कारणं इथे मांडत बसलो तर रात्र सरेल.

हिलला मात्र कुठल्याच वाटेने वाचवता येत नाही. विल्यम्सने त्याच्या जागी फ्रेंट्झनला आणायचं ठरवलं ते तो गुणतक्त्यात आघाडीवर असतानाच. त्यामुळे तो विजेता होवो न होवो, १९९७ ला टॉम वॉकिनशॉच्या अॅरोज संघातच जातो. फक्त १ क्रमांक त्याच्या गाडीवर नसेल.

क्रमांकांवरून आठवलं, तुमच्या चित्रांमध्ये फेरारीवर २७ आणि २८ आहेत, ते काढा. १९९५ पर्यंत ते बरोबर होतं. कॅनडाला अलेसीने त्याचा एकमेव विजय मिळवला तेव्हा तो २७ वरच होता. पण १९९६ पासून क्रमांक आदल्या वर्षीच्या संघ-क्रमवारीने दिले, विजेत्याचा संघ पहिला. खऱ्या मोसमात शूमाकरबरोबर १ आणि २ फेरारीला गेले, बेनेटनला ३-४, विल्यम्सला ५-६. तुमच्या मोसमात बेनेटनवर १-२ राहतील, विल्यम्सवर ३-४ आणि फेरारीवर ५-६. मॅक्लारेनपासून खालचे सगळे तेच, १३ वगळून. हिलच्या हेल्मेटखाली ५ रंगवला असेल तर तोही खोडा, तिथे ३ येतो.